पटावर किती, वर्गात किती: एलएमएसचा नोंदणी अहवाल कसा वाचावा

महाविद्यालयाच्या कार्यालयातून साधी विचारणा येते: आपल्या ऑनलाइन कोर्सला किती विद्यार्थी आहेत, तेवढे दुपारपर्यंत कळवा. मग विभागातील कोणीतरी लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवण्याची आणि बोलताना आपण जिला नुसते एलएमएस म्हणतो ती संगणक प्रणाली, उघडतो, सहभागींची यादी उतरवून घेतो, शेवटच्या ओळीचा क्रमांक पाहतो आणि तोच आकडा कळवून मोकळा होतो. तो आकडा पुढे वार्षिक अहवालात जातो, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तक्त्यात बसतो, प्राचार्यांच्या भाषणातही येतो. वर्षभराने दुसऱ्या कोणी तीच यादी पुन्हा काढली की संख्या जुळत नाही आणि प्रणालीत काहीतरी बिघाड आहे असा समज होतो. बिघाड बहुधा नसतो. दोन वेळा दोन वेगळे प्रश्न विचारलेले असतात आणि दोन्ही वेळा उत्तर बरोबरच आलेले असते.

नोंदणी अहवाल हा मुळात पटाचा उतारा आहे. पटावर नाव असणे आणि वर्गात असणे या दोन गोष्टींतील अंतर महाराष्ट्राला नवे नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभरातील शाळांची पटपडताळणी झाली ती नेमके हेच अंतर मोजण्यासाठी, आणि अनेक ठिकाणी पटावरची संख्या व प्रत्यक्ष उपस्थिती यांचा मेळ बसला नव्हता. एलएमएसच्या बाबतीत अशी पडताळणी करायला पथक लागत नाही, कारण कोर्सचे पान कोणी, केव्हा उघडले याची नोंद प्रणाली स्वतःच ठेवते. मात्र ती नोंद वाचण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: अहवालातील एक ओळ कशाची आहे, ती कोणत्या क्षणाची आहे आणि मोजताना कोणाला वगळायचे आहे.

या लेखातील बहुतेक उदाहरणे मूडल या प्रणालीची आहेत, कारण ती मुक्त स्रोत असून परवाना शुल्काशिवाय वापरता येते आणि म्हणून महाविद्यालयांत ती बऱ्यापैकी रुळलेली आहे. मार्टिन डुगियामास यांनी ती ऑस्ट्रेलियात विकसित केली आणि तिची पहिली अधिकृत आवृत्ती २००२ मध्ये आली. इतर प्रणालींत स्तंभांची नावे बदलतात, पण अडचणी त्याच राहतात.

एक ओळ म्हणजे काय

प्रणालीत खाते असणे आणि एखाद्या कोर्सला नोंदणी असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. प्रवेशाच्या वेळी महाविद्यालय सर्व विद्यार्थ्यांची खाती उघडते, तेव्हा ते सर्व प्रणालीचे वापरकर्ते होतात, परंतु त्यांतील एकही जण अद्याप कोणत्याही कोर्सला नसतो. पुढे एकच विद्यार्थिनी तीन कोर्सना बसली, तर व्यक्ती एक, खाते एक आणि नोंदण्या तीन असा हिशेब होतो. त्यामुळे सर्व कोर्सच्या नोंदण्यांची बेरीज करून ‘आमच्या महाविद्यालयातील इतक्या विद्यार्थ्यांनी ऑनलाइन शिक्षण घेतले’ असे लिहिणे म्हणजे एकाच मुलीला तीनदा मोजणे होय.

हा घोळ लहान महाविद्यालयातच होतो असे नाही. हार्वर्ड विद्यापीठ आणि एमआयटी या संस्थांनी आपल्या पहिल्या वर्षातील १७ खुल्या ऑनलाइन कोर्सचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी नोंदण्या ८,४१,६८७ आणि व्यक्ती ५,९७,६९२ असे दोन आकडे वेगवेगळे दिले. त्याहून शिकण्यासारखे आहे ते पुढचे विभाजन. या नोंदण्यांपैकी २,९२,८५२ नोंदण्यांत आशयाला एकदाही हात लावलेला नव्हता. ४,६९,७०२ नोंदण्यांत निम्म्यापेक्षा कमी भाग पाहिला गेला होता. ३५,९३७ नोंदण्यांत निम्मा किंवा त्याहून जास्त भाग पाहूनही प्रमाणपत्र घेतलेले नव्हते. आणि प्रमाणपत्रापर्यंत पोहोचलेल्या नोंदण्या ४३,१९६ होत्या. चारही आकड्यांची बेरीज बरोबर ८,४१,६८७ होते. कोणतीही नोंदणी दोन गटांत मोजलेली नाही आणि कोणतीही सुटलेली नाही. ज्या अहवालात गटांची बेरीज मूळ संख्येशी जुळत नाही, तो अहवाल सही करण्यापूर्वी परत पाठवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूडलमध्ये एक आणखी बारकावा आहे. एकाच व्यक्तीची एकाच कोर्सला दोन मार्गांनी नोंदणी होऊ शकते. सहभागींच्या पानावर अशी व्यक्ती एकदाच दिसते, परंतु नोंदण्यांच्या मूळ तक्त्यावरून तयार केलेल्या अहवालात तिच्या दोन ओळी येतात. म्हणून दोन सहकाऱ्यांनी एकाच दिवशी एकाच कोर्सचे दोन आकडे काढले आणि ते वेगळे आले, तर प्रथम कोणी कोणत्या पानावरून आकडा काढला हे विचारावे.

नोंदणीचा मार्ग

अहवालातील जो स्तंभ बहुतेक जण डोळ्याआड करतात, तो मला सर्वांत बोलका वाटतो: नोंदणी कोणत्या पद्धतीने झाली. शिक्षकाने एकेक नाव स्वतः घातले असेल तर ती मॅन्युअल नोंदणी. विद्यार्थ्याने स्वतः कोर्सच्या पानावर जाऊन, किंवा शिक्षकाने दिलेली की (सांकेतिक शब्द) टाकून, नाव घातले असेल तर ती सेल्फ नोंदणी. आणि कार्यालयाने ‘द्वितीय वर्ष विज्ञान’ असा एक गट करून तो अख्खा कोर्सला जोडला असेल तर ती कोहॉर्ट पद्धतीची नोंदणी. गुगल क्लासरूममध्ये आणखी एक अवस्था असते: शिक्षकाने आमंत्रण पाठवलेले असते, विद्यार्थ्याने ते स्वीकारलेले नसते, तरीही नाव यादीत फिकट अक्षरांत दिसत राहते. घाईत मोजणारा तेही मोजतो.

हा मार्ग पाहिल्याशिवाय नोंदणीच्या संख्येवरून विद्यार्थ्यांच्या उत्साहाविषयी काहीही म्हणता येत नाही. कोहॉर्ट जोडला की शंभर-दीडशे नावे एका क्षणात येतात आणि सर्वांच्या नोंदणीचा दिनांक व वेळ जवळजवळ एकच असते. अशा संख्येतून कार्यालयाची तत्परता दिसते, विद्यार्थ्यांची इच्छा दिसत नाही. याउलट स्वतःहून घातलेली चाळीस नावे दोन आठवड्यांत विखुरलेली असतील, तर ती चाळीसच असली तरी त्यांना वजन आहे. त्यातही सर्व नावे अंतर्गत गुण जाहीर होण्याच्या आदल्या रात्री आली असतील, तर ते वजन कशाचे आहे हे वेगळे सांगायला नको.

कोहॉर्टचा उलटा परिणामही लक्षात ठेवावा. विद्यार्थ्याला गटातून काढले की त्या गटामुळे झालेली त्याची नोंदणी आपोआप रद्द होते किंवा स्थगित होते; यांपैकी काय व्हावे, हे प्रणालीच्या प्रशासकाने एका सेटिंगमध्ये ठरवलेले असते. म्हणजे विभागातील कोणी काहीही न करता, कार्यालयाने वर्गाची यादी सुधारल्याबरोबर कोर्सची संख्या घटते. शिक्षक बुचकळ्यात पडतात ते येथे.

नोंदणीची स्थिती

मूडलच्या सहभागी यादीत प्रत्येक नावापुढे नोंदणीची स्थिती असते. ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे विद्यार्थी कोर्समध्ये जाऊ शकतो; तो जातो असे नव्हे. हा फरक वाचायला क्षुल्लक वाटतो, पण ‘आमचे १६६ ॲक्टिव्ह विद्यार्थी आहेत’ हे वाक्य ऐकणारा प्रत्येक जण १६६ मुले अभ्यास करीत आहेत असेच समजतो. ‘सस्पेंडेड’ म्हणजे नोंदणी स्थगित आहे, विद्यार्थ्याला आत जाता येत नाही, परंतु त्याचे गुण आणि सादर केलेले काम जागेवर आहे. ‘नॉट करंट’ म्हणजे नोंदणीला घातलेली मुदत अद्याप सुरू झालेली नाही किंवा संपली आहे.

नोंदणी रद्द केलेल्या विद्यार्थ्याची मात्र ओळच उरत नाही. गुणतक्त्यातूनही तो दिसेनासा होतो. पुन्हा नोंदवताना जुने गुण परत आणण्याची सोय आहे, पण ती आठवणीने वापरावी लागते. म्हणून प्रवेश रद्द झालेल्या किंवा दुसऱ्या महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याचे नाव सत्र चालू असताना काढून टाकू नये, स्थगित करावे. काढून टाकले तर ऑगस्टमधील यादीत १८० आणि जानेवारीतील यादीत १६६ नावे असतात आणि मधले १४ जण कोण होते, याचे उत्तर प्रणालीच्या लॉगमध्येच, म्हणजे कोणी केव्हा काय केले याच्या नोंदींतच, शोधावे लागते. प्रशासकाने जागा वाचवण्यासाठी जुने लॉग आपोआप पुसले जाण्याची मुदत ठेवलेली असेल, तर तेथेही ते मिळत नाही.

आकडा कसा घटत जातो

एक काल्पनिक उदाहरण घेऊन सर्व पायऱ्या उतरून पाहू. समजा, रावेर तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयाने केळीच्या काढणीनंतरच्या हाताळणीवर, म्हणजे घड उतरवण्यापासून ते पिकवण्याच्या शीतगृहापर्यंतच्या टप्प्यांवर, एक मूल्यवर्धित, म्हणजे नेहमीच्या अभ्यासक्रमाला पूरक, कोर्स मूडलवर चालवला. नोंदण्यांच्या मूळ तक्त्यावरून काढलेल्या अहवालाच्या फाइलमध्ये २१४ ओळी आहेत.

त्यांत कोर्सचे तीन शिक्षक आणि एक समन्वयक आहेत. सहभागी यादीप्रमाणे या अहवालातही शिक्षक येतात. रोलची, म्हणजे कोर्समधील भूमिकेची, चाळणी लावून फक्त विद्यार्थी निवडावे लागतात. उरले २१०. बारा विद्यार्थी कोहॉर्टमधूनही आले आहेत आणि, त्यांना लिंक दिसत नाही अशी तक्रार आल्यावर, शिक्षकाने त्यांना हातानेही नोंदवले आहे. त्यांच्या दुहेरी ओळी वगळल्या की उरतात १९८. कोर्स गेल्या वर्षीचाच पुढे चालू ठेवला आहे आणि गेल्या वर्षीच्या २३ जणांची नावे तशीच आहेत; ती बाजूला काढली की १७५. नऊ जणांचे प्रवेश रद्द झाल्याने त्यांची नोंदणी स्थगित आहे. राहिले १६६. यांपैकी ३८ जणांनी कोर्स एकदाही उघडलेला नाही, म्हणजे किमान एकदा आत डोकावलेले १२८ आहेत. यंदाच्या विद्यार्थ्यांपैकी कोर्स पूर्ण केलेले ७१ आहेत.

आता पूर्ततेचे प्रमाण किती? २१४ हा भाजक धरला तर सुमारे ३३ टक्के, १६६ धरला तर सुमारे ४३ टक्के, १२८ धरला तर सुमारे ५५ टक्के. यांपैकी ३३ टक्के हे उत्तर सरळ चुकीचे आहे, कारण भाजकात शिक्षक, दुहेरी ओळी आणि गेल्या वर्षीची मुले आहेत. उरलेली दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. ज्यांना कोर्स दिला होता त्यांतील किती जणांनी तो पूर्ण केला, असे विचारले तर ४३. ज्यांनी सुरुवात केली त्यांतील किती जण शेवटपर्यंत टिकले, असे विचारले तर ५५. पहिल्या उत्तरात कोर्स मुलांपर्यंत पोहोचला का हे येते, दुसऱ्यात कोर्स कसा होता हे येते. अहवालात दोन्ही द्यावीत. नुसती ५५ टक्क्यांची ओळ देऊन ३८ जणांना नाहीसे करण्याचा मोह मोठा असतो. आणि खरे पाहता महाविद्यालयाला ज्यांच्याविषयी काही करता येण्यासारखे आहे ते हेच ३८ जण होत.

नऊ स्थगित विद्यार्थी भाजकात घ्यावेत की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात प्रवेश रद्द झाला असेल तर वगळणे योग्य. चार महिने कोर्स करून मग महाविद्यालय सोडले असेल, तर ती गळती आहे आणि ती दाखवली पाहिजे. मूडलचा गुणतक्ता केवळ ॲक्टिव्ह नोंदणी असलेल्यांचाच दाखवण्याची सोय असल्याने, ती सोय चालू ठेवून काढलेल्या अहवालात गळती मुळातच दिसत नाही. प्रमाण चढे दिसते, पण त्याचे कारण शिक्षण नसते, चाळणी असते.

शेवटची भेट आणि तिचा अर्थ

सहभागी यादीत ‘लास्ट ॲक्सेस टू कोर्स’ असा स्तंभ असतो. त्यात ‘नेव्हर’ असे असेल तर अर्थ स्पष्ट आहे. मात्र प्रणालीला शेवटची भेट आणि कोर्सला शेवटची भेट हे दोन वेगळे दिनांक आहेत. विद्यार्थी कालच लॉगिन करून दुसरा कोर्स पाहून गेला असेल आणि तुमच्या कोर्सला मात्र दोन महिने फिरकला नसेल. पान एकदा उघडून लगेच बंद केले तरी शेवटच्या भेटीचा दिनांक नवा होतो. त्यामुळे या स्तंभावरून कोण आलेच नाही हे खात्रीने कळते, कोणी अभ्यास केला हे कळत नाही. किती वेळ अभ्यास केला, याचे मोजमाप मूडलच्या मूळ अहवालांत नाही. वेगळे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) बसवून जे मिनिटांचे आकडे काढले जातात, ते दोन क्लिकमधील अंतरावरून केलेले अनुमान असते, हे ध्यानात ठेवून वापरावेत.

खान्देशात हा स्तंभ वाचताना आणखी काळजी घ्यावी लागते. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील पाड्यावर राहणारा विद्यार्थी मूडलच्या मोबाइल ॲपवर धडे आधी उतरवून घेऊन नेटवर्क नसताना वाचू शकतो, आणि त्याने केलेले काम तो नेटवर्कमध्ये आल्यावरच सर्व्हरपर्यंत पोहोचते. तळोद्याच्या किंवा शहाद्याच्या बाजाराला आल्यावर त्याच्या मोबाइलला रेंज मिळाली, की आठवडाभराचा अभ्यास एका दुपारी झाल्यासारखा दिसू शकतो. अहवाल पाहणारा म्हणतो, हा मुलगा आठवड्यातून एकदाच येतो. एका घरात एकच स्मार्टफोन आणि दोन भावंडे असतील, तर एकाचे लॉगिन उघडेच राहून दुसऱ्याचा अभ्यास त्याच्या नावावर जमा होणेही अशक्य नाही.

निष्क्रियतेचेही तसेच. तीस दिवस कोर्स न उघडलेल्यांची यादी काढणे सोपे आहे, पण ती कोणत्या तीस दिवसांची आहे हे पाहावे लागते. दिवाळीनंतर नंदुरबार जिल्ह्यातून ऊसतोडीला आणि गुजरातकडे कामाला कुटुंबे जातात, त्यांच्याबरोबर महाविद्यालयीन मुलेही जातात. कपाशीची वेचणी ऐन भरात असताना जळगाव-धुळ्याच्या गावांतील मुले शेतात असतात. होळीच्या आठवड्यात सातपुड्यातील आदिवासी गावांमध्ये भोंगऱ्या बाजार भरतो, रात्रभर नाच चालतो, तेव्हा कोर्सच्या आलेखाला खळगा पडला तर नवल नाही. सेल्फ नोंदणीच्या पद्धतीत ठरावीक दिवस न आलेल्यांची नावे आपोआप काढून टाकण्याचे सेटिंग असते. ते महानगरातील खुल्या कोर्ससाठी ठीक असेल, पण स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या कोर्सला ते लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. डिसेंबरात गेलेली मुलगी फेब्रुवारीत परत येते तेव्हा तिचे नाव पटावर असले पाहिजे.

पूर्ण झाला म्हणजे काय झाले

पूर्ततेचा स्तंभ सर्वांच्या समोर शून्य दाखवत असेल, तर विद्यार्थ्यांवर राग काढण्यापूर्वी कोर्सच्या सेटिंगमध्ये पूर्ततेचे निकष भरले आहेत का हे पाहावे. मूडलमध्ये पूर्तता आपोआप ठरत नाही. कोणते धडे उघडले पाहिजेत, कोणती चाचणी किती गुणांनी उत्तीर्ण झाली पाहिजे, हे शिक्षकाने ठरवून द्यावे लागते. निकष सत्राच्या मध्ये बदलले, तर आधी पूर्ण ठरलेल्या विद्यार्थ्यांचे काय होईल याचा विचार करूनच ते बदलावेत. शिवाय कोर्स पूर्ण झाल्याची नोंद सर्व्हरवर ठरावीक अंतराने चालणाऱ्या कामातून होते, त्यामुळे शेवटची चाचणी दिल्यानंतर काही काळ ‘अपूर्ण’ असे दिसत राहू शकते. अंतिम मुदतीच्या रात्रीच अहवाल काढण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी काढावा.

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या व्यासपीठावरील कोर्सच्या बाबतीत हा गोंधळ वेगळ्या प्रकारे होतो. ‘स्वयम्’ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे कोर्स त्यावरून घेण्याची मुभा दिल्यापासून महाविद्यालयांत त्याची चौकशी वाढली आहे. तेथे कोर्सला नाव नोंदवणे विनामूल्य असते, परीक्षेसाठी मात्र स्वतंत्र नोंदणी करून शुल्क भरावे लागते. त्यावरील एनपीटीईएल या आयआयटी व आयआयएससी यांच्या उपक्रमाच्या कोर्समध्ये प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटचे २५ पैकी किमान १० आणि परीक्षेचे ७५ पैकी किमान ३० गुण लागतात. म्हणजे नोंदणी, असाइनमेंट देणे, परीक्षेची नोंदणी, परीक्षेला बसणे आणि प्रमाणपत्र अशा पाच वेगळ्या संख्या होतात. ‘आमच्याकडे स्वयम्‌चे तीनशे विद्यार्थी आहेत’ या वाक्यातील तीनशे या पाचांपैकी कोणते, हे विचारल्याशिवाय ते वाक्य पुढे पाठवू नये.

फाइल उघडल्यावर होणारे घोटाळे

अहवाल बरोबर असूनही तो एक्सेलमध्ये उघडताना बिघडतो. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या, फाइलवर दोनदा क्लिक करून ती उघडली, तर मराठीतील नावांच्या जागी अगम्य चिन्हे येऊ शकतात. बारा अंकी अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा देशव्यापी ओळख क्रमांक, ई-अधिक-अकरा (E+11) अशा विचित्र रूपात दिसतो. विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन, सोळा अंकी असेल, तर त्याचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो, कारण एक्सेल संख्येचे पंधरा अंकच अचूक ठेवते. अशी फाइल सेव्ह केली की मूळ क्रमांक कायमचा गेला. उपाय असा: रिकामी वर्कबुक उघडून डेटा मेनूतून सीएसव्ही आयात करावी, यूटीएफ-८ ही अक्षरे साठवण्याची पद्धत निवडावी आणि क्रमांकांचे स्तंभ मजकूर म्हणून घ्यावेत.

काही अहवालांत दिनांकाच्या जागी दहा अंकी संख्या येते. ती १ जानेवारी १९७० पासून झालेले सेकंद असतात. उदाहरणार्थ, १७२२४५०६०० म्हणजे भारतीय वेळेनुसार १ ऑगस्ट २०२४ सुरू होतानाची मध्यरात्र. तीच संख्या जागतिक प्रमाणवेळेनुसार वाचली तर ३१ जुलैची संध्याकाळ होते, आणि जुलैअखेरची संख्या काढणाऱ्याचा हिशेब साडेपाच तासांनी चुकतो. एक्सेलमध्ये या संख्येत साडेपाच तासांचे १९८०० सेकंद मिळवावेत, एका दिवसाच्या ८६४०० सेकंदांनी भागावे आणि आलेल्या उत्तरात २५५६९ (१ जानेवारी १९७० चा एक्सेलमधील क्रमांक) मिळवून त्या घराला दिनांकाचे रूप द्यावे.

सर्वांत मोठा घोटाळा नावांचा. एलएमएसची यादी आणि कार्यालयाची यादी नावावरून जुळवायला बसलात तर खान्देशात हात टेकावे लागतील. विद्यापीठाच्या यादीत आडनाव आधी असते, एलएमएसमध्ये पहिले नाव आधी. पावरा, वसावे, वळवी ही आडनावे इंग्रजीत कोणी व्ही घालून लिहितो, कोणी डब्ल्यू घालून. संगणकाला ती वेगळी माणसे वाटतात. जळगाव जिल्ह्यातील कोणत्याही वर्गात पाटील इतके असतात, की नाव आणि वडिलांचे नाव सारखे असलेले दोन विद्यार्थी निघणे शक्य आहे. लग्नानंतर आडनाव बदललेली मुलगी एका यादीत माहेरच्या नावाने, दुसऱ्या यादीत सासरच्या नावाने असते. म्हणून जुळवणी पीआरएनवरूनच करावी. तो विद्यापीठाने दिलेला असल्याने नावाच्या लिखाणावर अवलंबून नसतो. एलएमएसमध्ये खाते उघडताना आयडी क्रमांकाचे घर रिकामे न सोडता त्यात पीआरएन भरून ठेवला, तर वर्षअखेरीची कित्येक तासांची तपासणी वाचते.

आकड्याखाली काय लिहावे

कार्यालयाला आकडा कळवताना त्याच्याखाली दोन ओळी लिहायची सवय लावावी. वरच्या काल्पनिक कोर्ससाठी त्या अशा असतील: ‘नोंदणी १६६. केवळ विद्यार्थी, एका व्यक्तीची एकदाच गणना, गेल्या वर्षीचे व स्थगित विद्यार्थी वगळून, किमान एकदा कोर्स उघडलेले १२८, पूर्ण केलेले ७१, अहवाल अमुक दिनांकास अमुक वाजता काढला.’ कोणी लांबण लावली म्हणेल, पण पुढच्या वर्षी हाच आकडा पुन्हा काढायची वेळ येईल तेव्हा काय काय वगळायचे ते यावरूनच कळेल. मूळ फाइलही न बदलता जपावी आणि तिच्या नावात दिनांक घालावा, कारण अहवाल हा त्या क्षणाचा असतो आणि उद्या तोच अहवाल काढला तर तो वेगळा असेल. नव्या वर्षी जुनाच कोर्स पुढे न रेटता त्याची प्रत करून रिकामा कोर्स सुरू केला, तर गेल्या वर्षीची नावे वगळण्याची पायरीच उरत नाही.

ही फाइल कोणाकोणाच्या हाती जाते, हेही पाहिले पाहिजे. उतरवलेल्या यादीत बहुधा ईमेल असतो, काही ठिकाणी मोबाइल क्रमांक आणि जातीचा प्रवर्गही असतो, आणि ती जशीच्या तशी विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली जाते. तेथून ती कुठे गेली याचा माग राहत नाही. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो, आणि कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी त्यात बसतात. ज्याला संख्या हवी आहे त्याला संख्याच पाठवावी. ज्याला यादी लागतेच त्याच्यासाठी पीआरएन, नाव, नोंदणीची स्थिती आणि पूर्तता एवढे स्तंभ ठेवून बाकीचे पाठवण्यापूर्वी पुसून टाकावेत.